‘डिस्कव्हरी’ यानाची दोन मीटर लांबीची प्रतिकृती कशी तयार करावी

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘२००१: ए स्पेस ओडिसी’ (१९६८) या चित्रपटातील ‘डिस्कव्हरी’ यानाचे मुख्य मॉडेल ५४ फूट लांब होते, आणि त्याच्या जोडीला सुमारे १५ फुटांचे दुसरे मॉडेलही तयार करण्यात आले होते. लाकूड, फायबरग्लास, ॲक्रिलिक, पोलाद, पितळ आणि ॲल्युमिनियम वापरून घडवलेली ही मॉडेल पुढे नष्ट करण्यात आली. त्यामुळे १९८४ साली ‘२०१०’ या उत्तरकथेसाठी यान पुन्हा उभारायची वेळ आली, तेव्हा कारागिरांना जुन्या चित्रपटातील फ्रेम मोठ्या करून त्यांवरून मापे काढावी लागली. घरी प्रतिकृती करणाऱ्यालाही याच वाटेने जावे लागते.

मापे आणि प्रमाण

चित्रपटातून ज्या फ्रेममध्ये यान बरोबर आडवे, म्हणजे कॅमेऱ्याला समांतर दिसते, त्याच निवडाव्यात. तिरप्या फ्रेममध्ये जवळचे टोक मोठे दिसते आणि त्यावरून घेतलेली सगळी मापे चुकतात. मापे मिलिमीटरमध्ये न मांडता पुढच्या गोलाचा व्यास हे एकक धरावे आणि कण्याची (म्हणजे पुढचा गोल आणि मागची इंजिने यांना जोडणाऱ्या लांब दांड्याची) लांबी, इंजिनांची रुंदी, अँटेनाच्या तबकड्या हे सारे त्या एककाच्या पटीत लिहून काढावे. यानाची एकूण लांबी गोलाच्या व्यासाच्या साधारण साडेआठ पट भरते.

आता प्रमाण ठरवावे, आणि ते गोलावरूनच ठरवावे. हातांनी अचूक गोल घडवणे हे या कामातील सर्वांत अवघड काम आहे, तर बागेतील दिव्यांसाठी विकले जाणारे ॲक्रिलिकचे गोल इलेक्ट्रिकच्या दुकानांत तयार मिळतात. दहा इंची, म्हणजे २५४ मिलिमीटरचा गोल घेतला की यानाची लांबी जवळपास २ मीटर १६ सेंटीमीटर ठरते. कथेतील यान सुमारे १४५ मीटर लांबीचे मानले, तर हे प्रमाण १:६७ च्या आसपास येते आणि या यानाच्या दारात उभा राहणारा माणूस जेमतेम अडीच सेंटीमीटर उंच असतो. हा आकडा कामाच्या टेबलासमोर लिहून ठेवावा, कारण पुढचा प्रत्येक तपशील त्याच्याशी ताडून पाहायचा आहे.

कणा

मोठे मॉडेल म्हणजे लहान मॉडेलची वाढवलेली आवृत्ती नव्हे. एकाच जाडीची नळी दुप्पट लांबीची घेतली, तर स्वतःच्या वजनाने ती सोळा पट अधिक वाकते. येथे तर एका टोकाला गोल आणि दुसऱ्या टोकाला इंजिने असे वजन लटकलेले असते. म्हणून प्लास्टिकच्या पाइपवर विसंबू नये. २५ मिलिमीटरची चौकोनी, दोन मिलिमीटर जाडीच्या भिंतीची ॲल्युमिनियमची नळी घ्यावी. नळी चौकोनी असल्यामुळे त्यावर बसवलेले भाग फिरत नाहीत आणि आतून वायरही नेता येते.

दोन मीटरचे यान जिन्यातून किंवा गाडीतून नेता यावे यासाठी कणा दोन तुकड्यांत करावा. आत घट्ट बसणारी ३० सेंटीमीटर लांबीची दुसरी नळी घालून दोन्ही तुकडे बोल्टने जोडावेत. हा सांधा अँटेनाच्या बैठकीखाली येईल असा ठेवावा, म्हणजे तो झाकला जातो. स्टँडचे दोन खांब कोठे लावायचे हे मात्र आधी ठरवू नये. गोल आणि इंजिने तात्पुरती बांधून कणा दोन ठोकळ्यांवर ठेवावा, ताणलेला दोरा शेजारी धरावा आणि कणा दोऱ्याला समांतर दिसेपर्यंत ठोकळे सरकवावेत. ज्या जागी ते थांबतील, तेथेच खांबांसाठी नट पक्के करावेत.

गोल

दिव्याच्या गोलाला तळाशी जे भोक असते ते मागच्या बाजूला, म्हणजे कण्याकडे वळवावे. नळी पकडणारी लाकडी चकती त्याच भोकातून बसवता येते. पृष्ठभाग २४० नंबरच्या पॉलिश पेपरने ओला घासून घ्यावा, नाहीतर गुळगुळीत ॲक्रिलिकवर रंग धरत नाही.

समोरील तीन गोल दारे आणि त्यांच्या वरची खिडक्यांची अरुंद पट्टी हा या यानाचा चेहरा आहे, आणि तेथे एक मिलिमीटरचा फरकही डोळ्यांना जाणवतो. कागदी नमुना चिकटवून चार-पाच फुटांवरून पाहावे, फ्रेमशी जुळवावे आणि मगच भोके पाडावीत. ड्रिल मंद गतीने चालवावे आणि कापायच्या जागी मास्किंग टेप लावावी. घाई केल्यास ॲक्रिलिक तापून वितळते किंवा त्याला तडा जातो. पॅनेलचा सूक्ष्म उठाव आणण्यासाठी पत्रे चिकटवण्यापेक्षा टेपच्या चौकटींत प्रायमरचे दोन-तीन थर जास्त मारणे मला अधिक पसंत आहे, कारण टेप काढल्यावर उरणारी केसाएवढी कड या प्रमाणाला शोभते.

कण्यावरील पेट्या आणि इंजिने

कण्यावर ओळीने बसलेल्या पेट्या एकसारख्या असल्याने त्या एकेक करून बनवू नयेत. स्टायरिन या प्लास्टिकच्या पत्र्याची एक नमुना पेटी शक्य तितकी निर्दोष करावी, तिचा सिलिकॉनचा साचा घ्यावा आणि त्यात पॉलियुरेथेन रेझिन (ओतल्यावर कडक होणारे द्रव प्लास्टिक) ओतून बाकीच्या पेट्या काढाव्यात. साचा घेताना सिलिकॉन एका कोपऱ्यातून बारीक धारेने सोडावे, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. पेट्या पोकळ ठेवाव्यात, कारण भरीव रेझिनचे वजन सारे कण्यावर येते. रेझिन ओतताना खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि ते घासताना पाणी व मास्क दोन्ही वापरावेत. इंजिनांचे कोनदार भाग आधी पुठ्ठ्यात जुळवून घ्यावेत आणि नंतर पत्र्यात कापावेत.

बारीक तपशील

मूळ मॉडेलवर मालगाडीचे डबे, युद्धनौका, विमाने, अंतराळयाने अशा शेकडो तयार किटमधील (जोडून मॉडेल करायच्या संचांतील) तुकडे चिकटवलेले होते, आणि आजही हीच पद्धत उत्तम आहे. तुकडा निवडताना मात्र अडीच सेंटीमीटरचा माणूस आठवावा. या प्रमाणात दोन मिलिमीटरची तार म्हणजे सुमारे साडेतेरा सेंटीमीटर जाडीची नळी होते. ती इंधनासाठी योग्य, पण कठडा म्हणून हास्यास्पद ठरेल. कठड्यासाठी अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार घ्यावी. रणगाड्याचे चाक चाक म्हणून ओळखू येत असेल, तर ते अर्धे कापावे किंवा उलटे बसवावे. तपशिलांची दाटी पेट्यांच्या फटींत आणि इंजिनांजवळ असावी, तर गोल बराचसा मोकळा राहू द्यावा. सगळीकडे सारखी खडबड केली की यान लहान दिसू लागते.

दिवे आणि रंग

गोल बंद करण्यापूर्वी १२ व्होल्टचे एलईडी बसवावेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत हे सामान सहज मिळते. आतून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्यावा. काळ्या थराविना प्रकाश भिंतीतून पाझरतो आणि यान पुन्हा बागेतला दिवा दिसू लागते. एलईडी बदलता यावेत म्हणून मागची चकती स्क्रूनेच बसवावी, चिकटवू नये.

करड्या प्रायमरवर किंचित करडी झाक असलेला पांढरा रंग मारावा. त्यात पाच ते दहा टक्के गडद छटा मिसळून काही पॅनेल वेगळी काढावीत, आणि ती डाव्या-उजव्या बाजूंना सारखी नसावीत. काजळी, गंज, ओघळ यांचा मोह टाळावा. त्या प्रकारची मळकी याने १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटानंतर लोकप्रिय झाली, डिस्कव्हरी मात्र स्वच्छ आहे. शेवटी मॅट वार्निशचा पातळ हात द्यावा आणि यान एकाच तीव्र दिव्याच्या उजेडात, खोलीतील बाकी दिवे मालवून तपासावे. तिरप्या उजेडात पुट्टीचे जे उंचवटे उठून दिसतील, ते स्टँडवर चढवण्याआधीच घासून पुन्हा रंगवावेत.