निपल दुखतायत, चिरा पडल्यात? आधी बाळाची पकड बघा, क्रीम नंतर

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस निपल हुळहुळतात, बाळाने तोंडात घेतलं की पहिला अर्धा-एक मिनिट चमक मारते आणि दूध सुरू झालं की कमी होते, एवढं बऱ्याच जणींना होतं आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण अख्खं पाजणं होईपर्यंत दात-ओठ खाऊन बसावं लागत असेल, बाळ रडलं की पोटात गोळा येत असेल, निपलला चीर पडली असेल, रक्त येत असेल, तर ते नॉर्मल नाही. घरात कोणीतरी म्हणणारच, "काऊन वं, आम्ही नाही पाजलं का पोट्ट्यायले? होते सवय." पाजलं ना, पण त्यांच्याही चिरा पडल्याच होत्या, फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं. आणि सवयीचं म्हणाल तर निपलची कातडी काही निबर होत नाही, त्याची वाट बघू नका.

दहातल्या बहुतेक वेळा कारण एकच असतं, बाळाने नुसतं निपल धरलंय, छाती धरली नाही. तुमची जीभ तुमच्याच टाळूवरून मागे फिरवून बघा, पुढे टाळू कडक आहे आणि मागे मऊ. बाळाचंही तसंच. निपल पुढेच राहिलं तर प्रत्येक घोटाला ते जीभ आणि कडक टाळूच्या मध्ये चेपतं, दिवसातून ८ ते १२ वेळा, मग चीर नाही पडणार तर काय होणार. निपल मागच्या मऊ भागापर्यंत पोचलं की दाबच पडत नाही. म्हणून मेडिकलमधून आणलेली कितीही महाग ट्यूब लावा, पुढच्या दोन तासांत बाळ परत तसंच धरणार आणि जखम परत उघडणार. पाजून झाल्यावर निपलकडे एकदा बघा, गोल बाहेर आलं तर ठीक, चपटं किंवा एका बाजूने तिरपं दाबलेलं बाहेर आलं तर पकड चुकतेय, बाकी कोणाला विचारायची गरज नाही.

आता पकड कशी सुधारायची. आधी स्वतः नीट बसा, पाठीला टेकू, पायाखाली पाट किंवा काहीतरी, बाळाखाली उशी, कारण वाकून पाजायला बसलात की पाच मिनिटांत खांदे दुखतात, हात खाली येतो आणि बाळ सुटत सुटत निपलच्या टोकावर येतं. बाळाचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं पाहिजे, डोकं आणि अंग एका रेषेत, मान वळवून प्यायला लावू नका. बाळाला डोक्याला धरून ढकलायचं नाही, मानेच्या खाली खांद्याला आधार द्यायचा, म्हणजे त्याला डोकं थोडं मागे टाकता येतं. निपल बाळाच्या तोंडासमोर नाही, नाकासमोर आणा. वरच्या ओठाला हलकंच लावा आणि थांबा. हे थांबणं बहुतेकींना जमत नाही कारण बाळ रडत असतं आणि आजूबाजूला चार बाया सूचना देत असतात. तरी थांबा. आपण गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खाताना तोंड उघडतो ना, तेवढं मोठं उघडेपर्यंत थांबा आणि उघडलं की पटकन बाळाला छातीकडे आणा, छाती बाळाकडे न्यायची नाही. हनुवटी आधी टेकली पाहिजे.

बरोबर धरलंय की नाही ते असं कळतं: हनुवटी छातीला चिकटलेली, तोंड चांगलं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि निपलभोवतीचा काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाच्या वर जास्त दिसतो, खाली कमी. गाल आत जात असतील, चुकचुक आवाज येत असेल तर पकड उथळ आहे. नीट असेल तर आधी भराभर चोखतं, मग सावकाश खोल घोट आणि गिळल्याचा आवाज. पहिल्या मिनिटानंतरही दुखतंय? सोडवा आणि परत लावा. पण ओढून काढू नका, स्वच्छ करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मध्ये घाला, हवा आत गेली की पकड आपोआप सुटते. एका वेळी तीन-चारदा सोडवून लावावं लागलं तरी करा, बाळही शिकतंच आहे.

सिझर झालेल्यांना मांडीवर घेणं जड जातं, त्यांनी कुशीवर झोपून पाजावं किंवा बाळाचे पाय बगलेखालून मागे घेऊन बाजूने धरावं, टाक्यांवर वजन येत नाही. दुखऱ्या निपलसाठी पण बाळाला धरायची पद्धत बदलून बघणं चांगलं, कारण चीर एका ठिकाणी असते आणि बाळ दुसऱ्या कोनातून आलं की दाब दुसरीकडे जातो.

अजून एक गोष्ट, साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध उतरतं आणि छाती इतकी गच्च होते की काळा भाग ताणून सपाट होतो आणि बाळाला धरायला काही उरतच नाही, ते बिचारं घसरून निपलवर येतं. अशा वेळी पाजायच्या आधी हाताने थोडं दूध काढा, किंवा दोन्ही हातांची बोटं निपलच्या मुळाशी गोल लावून छातीच्या आत अर्धा-एक मिनिट दाबून धरा, तो भाग मऊ पडतो आणि मग बाळ लागतं. पाजून झाल्यावर थंड पाण्याचा ओला कपडा ठेवला तर बरं वाटतं.

आता जखमेचं. सगळ्यात आधी तुमचंच दूध. पाजून झालं की शेवटचे दोन-चार थेंब निपलवर फिरवा आणि हवेवर सुकू द्या, मग ब्लाऊज लावा. २०१४ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने या विषयावरचे प्रयोग एकत्र तपासले होते, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतून निघणारा मेणासारखा पदार्थ), ग्लिसरीन जेलचे पॅड वगैरे, आणि त्यातून निघालं काय तर काहीच न लावणं किंवा नुसतं आईचं दूध लावणं हेही तेवढंच चांगलं ठरू शकतं, आणि काहीही केलं तरी बहुतेक बायकांचं दुखणं बाळंतपणानंतर ७ ते १० दिवसांत बरंच कमी होतं. तरी कातडी कोरडी पडून ओढ बसत असेल तर शुद्ध लॅनोलिनची क्रीम अगदी पातळ लावा, ती पाजायच्या आधी पुसावी लागत नाही. खोबरेल तेल पण चालतं, बिनवासाचं, बिनमसाल्याचं. साजूक तुपावरून आजीशी भांडू नका, थोडंसं लावलं तर आभाळ कोसळत नाही, पण त्याने जखम भरते असंही समजू नका.

काय लावायचं नाही हे मात्र नीट ऐका. डेटॉल, स्पिरिट, साबण अजिबात नाही, दिवसातून एकदा आंघोळीचं साधं पाणी पुरे, दर वेळी धुवायची गरज नाही. बोरिक असलेली अँटिसेप्टिक क्रीम नाही, ती बाळाच्या पोटात जाणं धोक्याचं आहे, आणलेल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. मध तर बिलकुल नाही, वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटात मध गेला तर बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, चाटवायचा पण नाही आणि निपलला लावायचा पण नाही. उरलेली हळद-चुना मंडळी स्वयंपाकघरातच राहू द्या.

आपल्या नागपूरच्या मे महिन्यात हे सगळं अजून अवघड होतं. ४५ डिग्रीत घाम, त्यात दूध गळतंय, आतला पॅड ओला, आणि ओलं तसंच राहिलं की कातडी भिजून अजून फाटते. प्लास्टिकचं अस्तर असलेले पॅड टाळा, जुन्या धुवट सुती साडीच्या घड्या ठेवा, ओल्या झाल्या की लगेच बदला, आणि धुऊन कडक उन्हात वाळवा, ऊन आपल्याकडे फुकट आहे. पॅड चिकटला असेल तर ओढू नका, पाण्याने भिजवून काढा. उन्हाळ्यात बाळ सारखं सारखं थोडं थोडं पितं, तहानच लागलेली असते त्याला, म्हणून "उन्हाचं पाणी पाज दोन चमचे" सुरू होतं. सहा महिन्यांपर्यंत पाणी नाही द्यायचं, दुधात बहुतेक पाणीच असतं, पाणी तुम्ही प्या.

खूपच दुखत असेल तर कमी दुखणाऱ्या बाजूने सुरुवात करा, भुकेलं बाळ पहिल्यांदा जोरात ओढतं. पाजायच्या थोडं आधी पॅरासिटामॉल घेतली तरी चालते, अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालणारी गोळी आहे, फक्त डोस डॉक्टरांना विचारा. एका बाजूला बाळ लावणंच सहन होत नसेल तर त्या बाजूला एखादा दिवस आराम द्या, पण दूध तसंच साठवून ठेवू नका, नाहीतर गाठ धरेल. हाताने काढा: अंगठा आणि बोट निपलपासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवून आधी छातीकडे दाबा, मग दोन्ही जवळ आणा, सोडा, परत. कातडीवर घासायचं नाही. ते दूध वाटी-चमच्याने नाहीतर बोंडल्याने पाजा, बाटली नको, बाटलीचं निपल चोखायची तऱ्हा वेगळी असते आणि आत्ता कुठे आपण पकड शिकवतोय. काढलेलं दूध बाहेर ४ तास टिकतं हे साधारण २५ डिग्रीचं गणित आहे, आपल्याकडे उन्हाळ्यात ते सरळ फ्रिजमध्ये. पंप वापरत असाल तर त्याची निपलवर लावायची कुप्पी आपल्या मापाची हवी आणि ओढ कमीवर, जोरात ओढून दूध जास्त येत नाही, जखमच वाढते. आणि चिरेतून थोडं रक्त बाळाच्या पोटात गेलं, दूध काढलं तेव्हा गुलाबी दिसलं, तर बाळाला काही होत नाही. पाजणं थांबवू नका.

पकड नीट आहे तरी दुखतंय, मग दुसरं काही शोधा. आधी सगळं ठीक होतं आणि मध्येच दोन्ही बाजूंना आग-आग, पाजून झाल्यावर आतपर्यंत टोचतं, निपल गुलाबी-चकचकीत, बाळाच्या तोंडात पुसून न निघणारे पांढरे चट्टे, तर बुरशी असू शकते, अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर जास्त होते. औषध आईला आणि बाळाला एकाच वेळी लागतं, एकाला दिलं तर दुसऱ्याकडून परत येतं. डिसेंबर-जानेवारीत, पारा दहाच्या खाली गेला की काहींचं निपल पाजून झाल्या झाल्या पांढरं पडतं, मग निळसर, मग लाल, आणि ठणकतं, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून. बाळ सुटलं की लगेच कोरड्या गरम तळहाताने झाका, पंखा बंद, स्वेटर असा घाला जो समोरून उघडतो. बाळाची जीभ बाहेर येत नसेल किंवा रडताना टोक बदामासारखं दुभंगलेलं दिसत असेल तर जिभेखालचा पडदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

छातीवर लाल गरम पट्टा, ताप, अंगात थंडी भरणं, हे झालं तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोपर्यंत त्या बाजूने पाजत राहा. जखमेतून पू येतोय तरी तेच. एकाच निपलवर खाज-खपली आठवडेच्या आठवडे बरी होत नसेल, बाळाचं लघवीचं प्रमाण कमी झालं असेल, वजन वाढत नसेल, तरी घरगुती उपायात वेळ घालवू नका.

मदतीसाठी नागपुरातली डागा, मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं, जिथे बाळंतपण झालं तिथल्याच बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सिस्टर सगळ्यात कामाच्या, त्यांनी हजारो बाळं लावलेली असतात. धंतोली-रामदासपेठेत खाजगीत दाखवत असाल तर फोनवरच विचारा की स्तनपानाचं समुपदेशन करणारं कोणी आहे का. आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात, म्हणजे नेमक्या दुखण्याच्या दिवसांत त्या येतात, तेव्हा चहा देऊन वजनाचा कागद भरून पाठवू नका, दार लावा आणि त्यांच्यासमोर पाजून दाखवा. डॉक्टरकडेही तसंच, जायच्या आधी बाळाला पोटभर पाजून नेऊ नका, थोडं भुकेलं न्या, आणि "क्रीम लिहून द्या" म्हणायच्या आधी "हे कसं धरतंय ते एकदा बघा" म्हणा.