दोन राखी धनेशांची तुलना कशी मांडावी

कोल्हापूर जिल्ह्यातील राखी धनेश आणि मलबारी राखी धनेश या दोन पक्ष्यांची तुलना लिहिताना आधी शास्त्रीय नावे निश्चित करावीत, कारण बोलण्यात दोघांनाही नुसते ‘धनेश’ म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिला ओसिसेरॉस बायरोस्ट्रिस, दुसरा ओसिसेरॉस ग्रिसियस. म्हणजे प्रजाती (जीनस) एकच, जाती (स्पीशीज) वेगळ्या. जुन्या पुस्तकांत धनेश खंड्याच्या गणात सापडतील, तर आता त्यांना हुदहुदाबरोबर वेगळ्या गणात ठेवतात. श्रीलंकेतील राखी धनेशही पूर्वी मलबारी राखी धनेशातच गणला जाई. त्यामुळे जुन्या ग्रंथातील आढळक्षेत्र पडताळल्याशिवाय उतरवून घेऊ नये.

नोंद नेमक्या कोणत्या पक्ष्याची आहे, हे चोचीवरून ठरवावे. राखी धनेशाच्या चोचीवर उंचवटा असतो, मलबारीच्या चोचीवर तो नसतो. दाट झाडीत पक्षी दिसलाच नाही, तरी मलबारीचे खदखदून हसल्यासारखे ओरडणे सहज ओळखू येते.

यानंतर आढळक्षेत्राचा नकाशा काढावा. राखी धनेश भारतीय उपखंडाच्या मैदानी, कोरड्या भागांत दूरवर पसरलेला आहे आणि वड-पिंपळ असतील तर वस्तीजवळही राहतो. मलबारी मात्र सह्याद्री आणि त्याला लागून असलेल्या दक्षिणेतील डोंगरांपुरताच आहे; जगात इतरत्र तो कुठेही नाही. आपल्या जिल्ह्यात हा फरक समजून घेणे फार सोपे आहे: राधानगरी, आजरा, चंदगडकडील पावसाळी जंगल मलबारीचे, तर शिरोळ-हातकणंगल्याकडील कोरडे मैदान राखी धनेशाला मानवणारे.

संवर्धनस्थिती शेवटी लिहावी आणि तिथे सर्वाधिक काळजी घ्यावी. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, धोक्यातील जातींच्या लाल यादीत राखी धनेश ‘कमी चिंतेचा’ आहे, तर मलबारीला 2020 पासून ‘असुरक्षित’ मानले जाते. जंगलात दिवसभर मलबारीचे आवाज ऐकलेल्या माणसाला हे खरे वाटत नाही; पण हा दर्जा केवळ आज दिसणाऱ्या संख्येवरून ठरत नाही. तीन पिढ्यांत किंवा दहा वर्षांत, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यात, संख्या किमान 30 टक्के घटली तरीही जाती ‘असुरक्षित’ ठरू शकते. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते आणि नर तिला बाहेरून भरवतो. म्हणून घट का होते हे लिहिताना ढोली असलेल्या जुन्या, जाड बुंध्याच्या झाडांचा उल्लेख टाळू नये. दर्जापुढे मूल्यांकनाचे वर्षही अवश्य लिहावे.