डग्गा फुगतोय? व्हॉल्व्हच्या अॅम्पला हेडफोन जोडताना

दिवाळीनंतर पुण्याहून भाच्याचा फोन आला. "आत्या, तबला सोलो लावलाय, पण डग्गा नुसता घुम्म घुम्म करतोय गं. आवाज वाढवला की फाटतो. हेडफोन खराब निघाला वाटतं."

मी विचारलं, "हेडफोनवर ओम किती लिहिलेत बघ रे."

"बत्तीस."

"आणि अॅम्प कुठला?"

"व्हॉल्व्हचा. ओटीएल की काय म्हणतात तो."

ओम म्हणजे हेडफोन करंटला किती अडवतो त्याचं माप. हेडफोन चांगला होता आणि अॅम्पही चांगला होता. दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं, इतकंच. विकणाऱ्यानं "कुठलाही हेडफोन लावा, चालतो" असं सांगून दोन्ही गळ्यात मारले होते. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता सगळं एकदा नीट लिहूनच काढते.

माझे वडील मिरजेत रेडिओ दुरुस्त करायचे. आमच्या घरात 'ट्यूब' म्हणजे सायकलची, अॅम्पमधली सिग्नल वाढवणारी तापती काचेची नळी तो व्हॉल्व्ह. पुढे मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. व्हॉल्व्हच्या आवाजावर माझं प्रेम आहे, पण त्याची जोडी आधी आकड्यांनी जमवावी आणि मग कानांनी, असं माझं ठाम मत आहे. उलट क्रमानं गेलात तर पैसे जातात.

व्हॉल्व्हला व्होल्टेज देणं सोपं जातं आणि करंट देणं जड जातं. मुळातली गोष्ट ही. आता हेडफोनच्या बाजूनं बघा. ३०० किंवा ६०० ओमच्या हेडफोनमध्ये व्हॉइस कॉइलची, म्हणजे पडदा हलवणाऱ्या वेटोळ्याची, तार फार बारीक असते आणि वेढे जास्त असतात. त्याला व्होल्टेज लागतं, करंट अगदी थोडा. म्हणजे एकाला जे सहज देता येतं तेच दुसऱ्याला हवं असतं.

आकडे घालून बघू. सेनहायजरचा एचडी ६५० हा ३०० ओमचा. १ व्होल्टला तो १०३ डेसिबल देतो. गाण्यातला एखादा जोरकस क्षण ११० डेसिबलपर्यंत जावा असं धरलं, तर सव्वादोन व्होल्ट लागतात आणि करंट साडेसात मिलिअँप. बायरडायनॅमिकच्या डीटी ८८० चा ६०० ओमचा प्रकार घेतला तर तेवढ्याच आवाजाला ४ व्होल्टच्या आत भागतं, करंट साडेसहा मिलिअँप. आता ३२ ओमचा, १ मिलिवॉटला ९० डेसिबल देणारा एखादा प्लेनार हेडफोन (ज्याच्या सपाट पडद्यावरच तार पसरलेली असते) घ्या. व्होल्टेज १.८ पुरतं, पण करंट ५६ मिलिअँप. लहान ओटीएल अॅम्पमध्ये शेवटच्या व्हॉल्व्हमधून मुळात ३०-४० मिलिअँप वाहत असतो. त्याच्यापलीकडचं तो आणणार कुठून? तिथे आवाज फाटतो.

ओटीएल म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला अॅम्प. जुन्या रेडिओत व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये एक ट्रान्सफॉर्मर असायचा, तो व्होल्टेज उतरवून करंट वाढवून द्यायचा. हेडफोनच्या काही व्हॉल्व्ह अॅम्पमध्ये तो आजही असतो, आणि मागे ३२ व ३०० ओमची वेगळी टोकं काढलेली असतात. तसा अॅम्प असेल तर हेडफोनप्रमाणे टोक निवडा, झालं. पण चांगला ट्रान्सफॉर्मर महाग आणि जड असतो, म्हणून बाजारातले परवडणारे अॅम्प बहुतेक ओटीएल. खालचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी.

या अॅम्पमध्ये शेवटी बहुतेकदा ६एएस७जी किंवा त्याचा दणकट भाऊ ६०८० बसवलेला असतो. हा व्हॉल्व्ह जन्माला आला पॉवर सप्लायमध्ये व्होल्टेज स्थिर ठेवण्यासाठी, संगीतासाठी नव्हे. पण त्याचा अंतर्गत रोध फक्त २८० ओम, व्हॉल्व्हच्या मानानं खूपच कमी. कॅथोड फॉलोअर नावाच्या पद्धतीनं जोडला की आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे अॅम्पचा स्वतःचा अडथळा, साधारण ९०-१०० ओमवर येतो. आणखी एक विभाग समांतर जोडला किंवा फीडबॅक दिला (आउटपुटचा थोडा भाग परत आत पाठवला) तर त्याहून कमी.

हे १०० ओम हेडफोनच्या वाटेत उभे असतात आणि डग्ग्याचा घोटाळा तिथेच होतो.

हेडफोनवर छापलेले ओम सगळ्या स्वरांना सारखे नसतात. डायनॅमिक, म्हणजे व्हॉइस कॉइलच्या, हेडफोनचा पडदा खालच्या एका स्वराला स्वतःहून डोलतो, आणि त्या जागी इम्पीडन्स वर चढतो. एचडी ६०० किंवा ६५० मध्ये ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास ३०० चे जवळजवळ ५०० होतात. समोर १०० ओमचा अॅम्प असेल तर त्या जागी आवाज सुमारे ०.९ डेसिबलनं वाढतो. एवढ्यानं तंबोऱ्याचा खर्ज थोडा भरदार वाटतो, कानाला बरं वाटतं. अनेकांना व्हॉल्व्हचा जो 'गोडवा' जाणवतो त्यात या पाऊण-एक डेसिबलचा वाटा आहे, असं मी मानते. आता ३२ ओमचा असा हेडफोन घ्या, जो त्या जागी १०० ओमवर चढतो. त्याच अॅम्पवर वाढ होते ६ डेसिबलहून जास्त. डग्गा फुगणारच. शिवाय पडद्याला वेळेवर थांबवणारा लगामही सैल पडतो, म्हणून डग्ग्याचा 'घे' वाजून गेल्यावरही घुमत राहतो.

प्लेनार हेडफोनचा इम्पीडन्स जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे तिथे असा फुगवटा येत नाही. तिथे अडचण फक्त करंटची.

माझा ठोकताळा असा: हेडफोनचे ओम अॅम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या किमान तिप्पट हवेत. आठपट असतील तर अॅम्पचा रंग जवळजवळ चढतच नाही. तिप्पट ते आठपट यांच्या मधली जागा व्हॉल्व्हची मजा घेण्याची. तिपटीच्या खाली जाऊ नका.

पण अॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स किती, हे माहितीपत्रकात पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. मग घरी मोजा. अॅम्प उघडायचा नाही. आत १५० ते ३०० व्होल्ट डीसी असतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) तो बराच वेळ टिकून राहतो. सगळं हेडफोनच्या जॅकवरूनच होतं.

एक ६.३५ मिलिमीटरची स्टिरिओ पिन घ्या, ३३० ओमचा अर्ध्या वॉटचा एक रेझिस्टर, आणि एसीची २ व्होल्टची रेंज असलेला मीटर. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला या वस्तू एकाच दुकानात मिळतील. पिनच्या टोकाला (डावा चॅनेल) आणि बुडाला (अर्थ) एकेक वायर सोल्डर करा. अॅम्प पंधरा मिनिटं तापू द्या. फोनवर किंवा लॅपटॉपवर २०० हर्ट्झचा सलग सूर लावा. १००० हर्ट्झ नको, स्वस्त मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकीचे आकडे दाखवतात. नॉब फिरवून मीटरवर बरोबर १.०० व्होल्ट आणा. आता नॉबला हात न लावता दोन वायरींमध्ये रेझिस्टर जोडा. आकडा खाली येईल. माझ्या अॅम्पवर तो ०.७७ वर आला. १.०० ला ०.७७ नं भागलं, उत्तरातून १ वजा केला, ३३० नं गुणलं: ९९ ओम. अॅम्प तापल्यावर दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर कुठल्याही दुकानात "चालतो" या शब्दावर विसंबावं लागत नाही.

कपॅसिटरचंही एक गणित आहे. ओटीएलमध्ये ट्रान्सफॉर्मरऐवजी एक कपॅसिटर डीसी अडवतो, आणि तो छोटा असेल तर खर्जही थोडा अडवतो. १,५९,००० या आकड्याला भागा: एकीकडे अॅम्प आणि हेडफोन यांच्या ओमांची बेरीज, दुसरीकडे कपॅसिटरचे मायक्रोफॅरड, या दोघांच्या गुणाकारानं. समजा अॅम्प ३० ओमचा, कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरडचा. ३०० ओमच्या हेडफोनला उत्तर येतं १० हर्ट्झ, काहीच हरवत नाही. ३२ ओमला येतं ५५ हर्ट्झ, तिथून खालचा आवाज उतरत जातो.

खरेदीच्या वेळी एक चूक फार होते. डीटी ८८० एकाच नावानं ३२, २५० आणि ६०० ओममध्ये आलेला आहे. दिसायला तिन्ही सारखेच. जुना घेत असाल तर नाव नको, छापलेले ओम वाचा. भाच्यानं शेवटी ३२ चा हेडफोन मोबाइलसाठी ठेवला आणि वापरलेला एचडी ६०० घेतला. १९९७ पासूनचं मॉडेल असल्यानं त्याच्या कानपट्ट्या आणि वायर अजून सुट्या मिळतात, हा मोठा फायदा.

आता जोडून झाल्यावरचं.

अॅम्प चालू करताना हेडफोन जॅकमध्ये नसावा. कपॅसिटर भरला जाताना एक धक्का बाहेर येतो, तो पडद्यावर कशाला घ्यायचा? एक-दोन मिनिटं थांबा, नॉब शून्यावर आणा, मग पिन घाला.

नॉब जेमतेम हलवला आणि आवाज कानठळ्या बसेल इतका झाला, तर घाबरू नका. आजकालचे डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल बनवून अॅम्पला देणारी डबी) २ व्होल्ट देतात आणि अॅम्प ते कित्येक पट वाढवतो. एचडी ६५० वर निवांत ऐकायला सरासरी एक दशांश व्होल्टसुद्धा लागत नाही. नॉबच्या अगदी सुरुवातीला डावा-उजवा सारखा नसतो, गाणारा एका कानाकडे सरकतो. म्हणून आवाज फोनमध्येच १०-१२ डेसिबलनं उतरवा आणि नॉब मधल्या पट्ट्यात वापरा.

आणि गुणगुण. जास्त संवेदनशील हेडफोनवर व्हॉल्व्हची गुणगुण ऐकू येते, ३०० ओमवर ती बहुधा दडते. तपासायची कशी, ते माझ्या गावाच्या पद्धतीनं सांगते. मिरजेत तंबोरे बनतात, जवारी (तारेचा झणकार) काढताना कारागीर तारेखाली सुताचा दोरा सरकवत बसलेले मी लहानपणापासून पाहिलेत. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरलेल्या) पुरुषी तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावा. त्याच्या मंद्र पंचमाची तार १०४ हर्ट्झच्या जवळ असते. अॅम्पच्या पॉवर सप्लायची गुणगुण १०० हर्ट्झची. दोन्ही एकत्र आले की पंचमावर सेकंदाला साधारण चार वेळा एक हलकं थरथरणं येतं, जे तंबोऱ्यात नसतं. एरवी संगीतात दडून जाणारी गुणगुणसुद्धा अशी पकडता येते. मात्र जवारीची मूळ लहर वेगळी असते, तिच्याशी गल्लत होऊ नये म्हणून तेच रेकॉर्डिंग आधी फोनच्या जॅकवर ऐकून घ्या. थरथर सापडली तर फिल्टरचे कपॅसिटर म्हातारे झालेत. गुणगुण त्याहून खोल, ५० हर्ट्झची असेल, तर फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी आतली तार) किंवा अर्थिंग बघा. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती गेली तर दोष अॅम्पचा नाही. पण गुणगुण घालवायला म्हणून तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. जिवाशी खेळ आहे.

घरचं व्होल्टेज एकदा मोजाच. आमच्याकडे रात्री अकरानंतर २४५ येतं. अॅम्पचा ट्रान्सफॉर्मर २२० चा असेल तर ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला ७ व्होल्ट मिळतात, म्हणजे ११ टक्के जास्त. व्हॉल्व्हची सहनशक्ती १० टक्क्यांपर्यंतची. मी छोटा स्टॅबिलायझर लावला आहे. अमेरिकेहून कुणी अॅम्प आणून दिला तर फक्त १२० व्होल्ट बघून थांबू नका. तो नुसता ६० हर्ट्झसाठीच काढलेला असेल तर स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावूनही आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा ट्रान्सफॉर्मर तापतो.

व्हॉल्व्ह बदलून बघायचा मोह होतो, मलाही होतो. ईसीसी८२ आणि १२एयू७ एकच आहेत, निर्धास्त बदला. ६एएस७जीच्या जागी ६०८० चालतो. पण ६डीजे८ दिसायला १२एयू७ सारखा, पिनाही नऊच, तरी त्याच्या फिलामेंटची जोडणी वेगळी आहे. 'बसतो म्हणजे चालतो' असं नसतं. नवीन घातलेल्या छोट्या व्हॉल्व्हला पेन्सिलच्या मागच्या रबरानं हलकी टिचकी मारा. हेडफोनमध्ये घंटेसारखं खणखणत राहिलं तर तो परत करा.

६०८० चं नुसतं फिलामेंटच जवळजवळ १६ वॉट खातं. आमच्या मिरजेच्या एप्रिलमध्ये मी अॅम्प कपाटात ठेवतच नाही, उघड्या टेबलावर ठेवते, वर वीतभर मोकळी जागा सोडून. बंद केल्यावर अर्धा तास तरी त्याच्यावर कापड टाकत नाही, आणि व्हॉल्व्ह काढायचाच असेल तर काच हाताला गार लागेपर्यंत थांबते. काढताना काच पिरगाळायची नाही, बुडाला धरून हलवत हलवत सरळ वर घ्यायचा.