घरभेटीला जाताना

चर्चच्या नवीन पाळकांनो, हडपसरला संध्याकाळी सातला न कळवता बेल वाजवलीत, तर प्रार्थना कुकरच्या शिट्ट्यांतच होणार. आधी फोन करा. चपला दाराबाहेर, मोबाइल खिशात. चहाला नाही म्हणू नका. तिसऱ्या घरापासून मात्र अर्धा कप. (ॲसिडिटी हेही सेवेचंच फळ.)

आजाऱ्याजवळ आधी ऐका, मग वाचा, आणि थोडंच वाचा. मी एका आजींपुढे बायबलमधलं स्तोत्र ११९ काढलं. १७६ वचनं! विसाव्या वचनाला त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, भक्तीनं. तेवढ्यात घोरणं ऐकू आलं. आता १२१ वाचतो, आठच वचनं, तीही सावकाश.

सोमवार घरचा ठेवा. त्या दिवशी माझा फोन बायकोकडे असतो आणि मुलीची वेणी मी घालतो, वाकडीतिकडी.