गरोदरपणातल्या तपासण्या आणि डॉक्टर : या चुका टाळा

एकाच डॉक्टरांकडे बाळंत झालेल्या दोघींना विचारून बघा. एक म्हणेल, "देवमाणूस आहेत, डोळे मिटून जा." दुसरी म्हणेल, "चुकूनही जाऊ नकोस, माझं एक शब्द ऐकून घेतलं नाही." दोघीही खरंच सांगत असतात. पहिलीला सकाळची पहिली वेळ मिळालेली असते आणि नऊ महिने सुरळीत गेलेले असतात. दुसरीची पाळी येते तेव्हा डॉक्टर अडलेल्या बाळंतपणातून धावत आलेले असतात आणि बाहेर वीसजणी खोळंबलेल्या असतात. डॉक्टरांच्या चुका होतातच, काही तर अक्षम्य असतात. पण कडू अनुभवांचा मोठा भाग अशा चुकांतून येतो ज्या आपल्या हातात असतात, आणि त्याच त्या पुन्हा पुन्हा होताना दिसतात.

ऐकीव गोष्टींवरून दवाखाना ठरवणं

"तिथे सगळ्यांचंच सिझर करतात" या वाक्याचा निवडीसाठी काही उपयोग नाही. ज्या मोठ्या रुग्णालयात जुळी, पायाळू बाळं, वाढलेलं बीपी, आधीचं सिझर अशा बायका मुद्दाम पाठवल्या जातात, तिथलं प्रमाण जास्तच असणार. मायकल रॉबसन यांनी २००१ साली बाळंतपणांचे दहा गट पाडले, आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही रुग्णालयांची तुलना याच पद्धतीने करावी असं सांगितलं. यातला पहिला गट लक्षात ठेवा: पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण, कळा आपोआप सुरू झालेल्या. "अशा बायकांपैकी तुमच्याकडे साधारण किती जणींचं सिझर होतं?" हा विचारण्याचा प्रश्न आहे. नेमका आकडा तयार नसला तरी चालेल. प्रश्न ऐकून डॉक्टर समजावून सांगू लागतात की वैतागतात, तेवढ्यावरूनही बरंच कळतं.

सोबत आणखी चार गोष्टी विचाराव्यात. रात्री कळा सुरू झाल्या तर प्रत्यक्ष कोण येणार? भूलतज्ज्ञ किती वेळात पोहोचतात? रक्ताची सोय कुठे आहे? बाळाला अतिदक्षता लागली तर ती इथेच आहे, की हलवावं लागेल? हे सगळं विसाव्या आठवड्याच्या आत विचारून घ्यावं. छत्तिसाव्या आठवड्यात विचारलंत तर उत्तर आवडलं नाही तरी हातात फारसं काही उरत नाही.

प्रत्येक सोनोग्राफीला नवी तारीख धरणं

यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण एवढी साधी गोष्ट इतकं नुकसान करते की बघवत नाही.

बाळंतपणाची तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढतात. या हिशोबात पाळी दर २८ दिवसांनी येते आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास स्त्रीबीज सुटतं असं गृहीत धरलेलं असतं. जिची पाळी ३५ किंवा ४० दिवसांनी येते, तिचा हिशोब तिथेच चुकतो. म्हणून पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी महत्त्वाची. तिच्यात बाळाची डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजतात, रिपोर्टवर ती 'सीआरएल' म्हणून लिहिलेली असते. या काळात सगळी बाळं जवळजवळ सारख्याच वेगाने वाढतात, त्यामुळे चूक पाच ते सात दिवसांपलीकडे सहसा जात नाही. नंतर प्रत्येकाची वाढ आपापल्या चालीने होते, आणि शेवटच्या तिमाहीत याच मशीनचा अंदाज तीन आठवड्यांनी इकडे-तिकडे होऊ शकतो. तरीही मशीन प्रत्येक रिपोर्टवर एक नवी तारीख छापतं, आणि घरोघरी ती तारीख खरी मानली जाते.

यातून काय होतं ते बघा. एका बाईची पाळी साधारण ३९ दिवसांची. पाळीनुसार ९ आठवडे ६ दिवस झाले असताना पहिली सोनोग्राफी झाली, तिच्यात बाळ ८ आठवडे २ दिवसांचं भरलं. अकरा दिवसांचा फरक, म्हणून डॉक्टरांनी तारीख अकरा दिवस पुढे नेली, फाईलवर लिहूनही दिली. चौतिसाव्या आठवड्यात तिने दवाखाना बदलला. जाताना "जुने रिपोर्ट कशाला" म्हणून फक्त शेवटची सोनोग्राफी सोबत घेतली. नव्या ठिकाणी पाळीची तारीख विचारली गेली, तीच लिहिली गेली. त्या हिशोबाने ४१ आठवडे पूर्ण झाले तेव्हा "दिवस उलटले" म्हणून कळा आणायची औषधं सुरू झाली. खरे दिवस होते ३९ आठवडे ३. गर्भपिशवीचं तोंड अजून घट्ट होतं. दोन दिवस कळा काढूनही तोंड उघडलं नाही, शेवटी सिझर. पहिला रिपोर्ट घरच्या कपाटात होता. नव्या डॉक्टरांनी तो मागायलाच हवा होता, मागितला नाही. तिनेही नेला नाही. आज ती सांगते की विनाकारण पोट कापलं, दवाखाना सांगतो की दिवस उलटले होते, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं.

उलट बाजूची चूक जास्त घातक. छत्तिसाव्या आठवड्यात बाळ तेहतीस आठवड्यांएवढं भरलं, तर "तारीख तीन आठवडे पुढे गेली" असं म्हणून घरचे निर्धास्त होतात. तारीख पुढे गेलेली नसते. बाळाची वाढ मागे पडलेली असू शकते, आणि ते लगेच तपासायला हवं.

उपाय सोपा आहे. पहिल्या सोनोग्राफीचा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा. ठरलेली तारीख फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून तिच्याभोवती गोल करा. कुणीही वेगळी तारीख सांगितली की विचारा, "पहिल्या सोनोग्राफीनुसार किती आठवडे?" सगळ्या रिपोर्टचे फोटो मोबाईलमध्ये असू द्या, पण कागदी फाईल टाकू नका; मध्यरात्री कुणी मोबाईल चाळत बसत नाही.

बाळ कमी फिरतंय, तरी सकाळची वाट बघणं

अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत बहुतेकींना आपल्या बाळाची फिरण्याची वेळ आणि तऱ्हा ओळखू येते. ती बदलली, मंदावली की त्याच दिवशी कळवायचं असतं. पण होतं काय? कुणी म्हणतं, "शेवटी शेवटी जागा कमी पडते, म्हणून फिरत नाही." हे चूक आहे. हालचालीची जात बदलते, लाथांऐवजी ढकलल्यासारखं, वळल्यासारखं जाणवतं. पण हालचाल कमी होत नाही. कुणी गोड प्यायला सांगतं आणि त्यात तासन् तास जातात. काहींनी ठोके ऐकायचं यंत्र घरी आणून ठेवलेलं असतं. अशी यंत्रं घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. शिकलेल्या हाताशिवाय त्यातून आईचीच नाडी किंवा वारेतल्या (प्लासेंटामधल्या) रक्तप्रवाहाचा आवाज ऐकू येतो आणि "ठोके आहेत" म्हणून माणूस झोपी जातो. ठोके चालू असूनही बाळ संकटात असू शकतं.

शंका आली तर डाव्या कुशीवर पडा, फोन-टीव्ही बंद करा आणि दोन तास फक्त हालचाली मोजा. दहा भरल्या नाहीत तर लगेच फोन. हालचाल अजिबातच जाणवत नसेल तर दोन तास मोजतही बसू नका, थेट निघा. तिथे पोटावर पट्टे लावून किमान वीस मिनिटं बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात, गरज वाटली तर बाळाभोवतीचं पाणी आणि रक्तप्रवाह सोनोग्राफीवर बघतात. सगळं ठीक निघालं तर "उगाच त्रास दिला" असं वाटून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमी वाटलं तर पुन्हा जा.

फोनवरचं बोलणंही इथेच सांगते, कारण तिथेही घोळ होतो. "डॉक्टर आहेत का?" असं विचारलं की "नाहीत, उद्या या" असं उत्तर येतं आणि मग "कुणी दखल घेतली नाही" ही तक्रार उरते. फोन उचलणाऱ्या व्यक्तीला वैद्यकीय माहिती असेलच असं नाही. पहिल्याच वाक्यात सगळं सांगा: "छत्तिसावा आठवडा चालू आहे, दुपारी तीनपासून बाळ फिरलेलं नाही, रक्त किंवा पाणी गेलेलं नाही, मी निघते आहे, तिथे कोण बघेल?" रक्तस्राव, पाणी जाणं, डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधारी, छातीखाली पोटात वरच्या बाजूला दुखणं, तळहात-तळपायांना खाज सुटणं, या सगळ्यांसाठी हीच पद्धत. खाज ऐकायला क्षुल्लक वाटते, पण शेवटच्या तिमाहीत ती यकृताच्या त्रासाची खूण असू शकते आणि त्यासाठी रक्त तपासावं लागतं.

छोट्या, पण रोज दिसणाऱ्या

जिने चढून आल्या आल्या बीपी मोजून घेणं. आधी लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, हात छातीच्या उंचीवर टेकलेला हवा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. लहान पट्ट्याने आकडा खोटाच वाढतो. १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजायला सांगा, आणि १६०/११० आला तर घरी जाऊ नका.

लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेणं. एक सकाळी, एक रात्री. थायरॉईडची गोळी या दोन्हींपासून चार तास लांब, आणि ती मनाने कधीही बंद करू नका.

शुगरच्या चाचणीआधी चार दिवस गोड बंद करून रिपोर्ट 'चांगला' आणणं. या पळवाटेचा मला मनापासून राग येतो. २४ ते २८ आठवड्यांतली ही चाचणी बाळासाठी असते, तिच्यात पास होऊन कुणाचंच भलं होत नाही.

सोनोग्राफीची मुदत चुकवणं. बाळाच्या मानेमागच्या पाण्याची तपासणी (रिपोर्टवर 'एनटी', जन्मजात दोषांचा अंदाज घेण्यासाठी) ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच होते, बाळ ८४ मिलिमीटरच्या पुढे गेलं की ती मापं लागू पडत नाहीत. अवयवांची तपासणी साधारण १८ ते २२ आठवड्यांत. दोन्ही वेळा पहिल्याच भेटीत ठरवून टाका.

रक्तगट निगेटिव्ह असूनही आठवण न करणं. अँटी-डीचं इंजेक्शन (आईच्या शरीरात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) साधारण २८ व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत.

रिपोर्टमधला एक शब्द उचलून घाबरणं. विसाव्या आठवड्यात 'वार खाली' असलेल्या बहुतेकींची वार गर्भपिशवी वाढताना वर सरकते. साधारण ३२ व्या आठवड्यात पुन्हा बघतात. नाळेचा वेढा चार-पाचांतल्या एका बाळाच्या गळ्याभोवती असतो, तेवढ्यावरून सिझर लागत नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्यात पायाळू असलेली बरीच बाळं पुढे आपणहून फिरतात, दिवस भरताना जेमतेम तीन-चार टक्के पायाळू राहतात.

प्रश्न दारात उभं राहून विचारणं

तासभर थांबून आत पाच मिनिटं मिळतात, ही तक्रार खरी आहे. पण ती पाच मिनिटं वजन आणि औषधांच्या चिठ्ठीत जातात, आणि खरा प्रश्न उठताना, दाराच्या कडीवर हात ठेवून विचारला जातो. तोवर डॉक्टरांनी पुढची फाईल उघडलेली असते. तीन प्रश्न कागदावर लिहा, सगळ्यात काळजीचा सर्वात वर, आणि बसल्या बसल्या सांगा, "आज माझे तीन प्रश्न आहेत." सोबत एकच माणूस न्या, तिघं तीन दिशांनी बोलू लागले की गर्भवतीचाच प्रश्न राहून जातो. शक्य असेल तर पहिली वेळ घ्या, कारण एक बाळंतपण मध्ये आलं की दिवसभराचं वेळापत्रक कोसळतं.

कोणताही उपचार सुचवला तर चार गोष्टी विचारा: का, आजच का, थांबलं तर काय होईल, दुसरा मार्ग कोणता. "बाळ मोठं आहे म्हणून सिझर" असं सांगितलं तर अंदाजे वजन किती, आणि शुगर आहे का, हे विचारा. सोनोग्राफीवरचा वजनाचा अंदाज दहा-पंधरा टक्क्यांनी चुकू शकतो. तातडी नसताना ३९ आठवड्यांआधी सिझरचा आग्रह घरच्यांनीही धरू नये. बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते.

पहिल्या कळेला धावणं

आणि मग "परत पाठवलं" म्हणून राग. सुरुवातीच्या कळा, विशेषतः पहिल्या खेपेला, एक-दोन दिवसही चालू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार खरी प्रसूती गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर जोर धरते. त्याआधी दाखल झालं की खाटेवर पडून राहणं, पुन्हा पुन्हा तपासणी आणि कळा वाढवायची औषधं हे सगळं ओढवण्याची शक्यता वाढते. सगळं सुरळीत असेल तर कळा पाच मिनिटांच्या अंतराने, मिनिटभर टिकणाऱ्या, आणि तासभर तशाच राहिल्या की निघा. ३७ आठवड्यांआधी कळा आल्या, आधी सिझर झालेलं असेल किंवा डॉक्टरांनी लवकर यायला सांगितलं असेल तर हा नियम लागू नाही. पाणी गेलं तर कळांची वाट न बघता निघा. वेळ आणि रंग लक्षात ठेवा. हिरवट असेल तर फोनवरच सांगा.

रागाच्या भरात डॉक्टर बदलणं

उशीर झाला, आवाज चढला, एवढ्यावरून बदलू नका. दर भेटीला बीपी मोजत नाहीत, रिपोर्ट समजावत नाहीत किंवा कागदांच्या प्रती द्यायला नाही म्हणतात, तर मात्र नक्की बदला. बत्तिसाव्या आठवड्याच्या आत, आणि सगळी फाईल घेऊन.

घरी जाताना कागद न वाचणं

बाळंतपणानंतर बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास सगळ्यात जास्त चढतं, नेमकं सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असताना. ज्यांचं गरोदरपणात चढलेलं होतं त्यांनी पुढच्या मोजणीचा दिवस डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्यावा. ज्यांचं सिझर झालं त्यांनी शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत मागून घ्यावी: कारण काय लिहिलंय, आणि गर्भपिशवीवर छेद खालच्या भागात आडवा घेतला की उभा. पोटावरचा व्रण आडवा असला तरी आतला छेद तसाच असेल असं नाही, आणि पुढच्या खेपेला नॉर्मलचा प्रयत्न करायचा की नाही हे ठरवताना डॉक्टर आधी तीच नोंद मागतात.