ऑनलाइन गोल्फ गेममधले मायनस अठराचे स्कोअर ताळ्यावर कसे आणायचे

पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ मालिकेतली आजवरची सर्वांत कमी फटक्यांची फेरी ५८ ची आहे. जिम फ्युरिकने २०१६ च्या ट्रॅव्हलर्स चॅम्पियनशिपमध्ये ती खेळली, कोर्स पार ७० चा, म्हणजे ७० फटके अपेक्षित, म्हणून मायनस बारा. ऑनलाइन सोसायटीच्या (गेममधल्या खेळाडूंच्या क्लबच्या) लीडरबोर्डवर मात्र मायनस पंधरा आणि मायनस अठरा आठवड्याला दिसतात आणि कुणाला त्याचं काही वाटतही नाही. मग सोसायटी चालवणारा एक दिवस वैतागतो. वारा पूर्ण जोरात, ग्रीन (कपाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) सगळ्यांत वेगवान, पिन (कपातला झेंडा) कोपऱ्यात. पुढच्या स्पर्धेत वरचे पाच जण मायनस बारावर येतात, खालचे सगळे प्लस वीसवर जातात आणि त्यातले निम्मे परत फिरकत नाहीत.

असं होतं, कारण वारा, वेग आणि पिन ही शिक्षा आहे, आणि शिक्षा चुकणाऱ्यालाच होते. गेममधला वरचा खेळाडू चुकतच नाही. त्याचा प्रत्येक फटका सरळ आणि मोजलेल्या अंतरावर जातो. तेव्हा आधी खेळात चूक परत आणायची, म्हणजे फटक्यांचा पसारा वाढवायचा, आणि मगच कोर्सच्या परिस्थितीला हात लावायचा. हा क्रम उलटा केला की वर लिहिलंय तेच होतं.

आधी मोजा

एक कोर्स आणि एकच सेटिंग धरून किमान आठ-दहा खेळाडूंच्या पाच-पाच फेऱ्या घ्या. नुसता स्कोअर लिहून काही कळत नाही. फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतची कापलेली पट्टी) किती मिळाले, ग्रीन किती मिळाले (म्हणजे पारला दोन फटके राखून बॉल ग्रीनवर किती वेळा पोचला), दीडशे ते पावणेदोनशे यार्डांवरून मारलेला बॉल कपापासून किती फुटांवर थांबला, कुठल्या अंतरावरचे किती पट (ग्रीनवरून कपाकडे मारलेले फटके) आत गेले, ग्रीन हुकल्यावर पार किती वेळा वाचला, हे लिहा. पहिले दोन आकडे बहुतेक गेममध्ये फेरीअखेर दिसतात. बाकीचे हाताने टिपावे लागतात. एका वहीत काम होतं.

ताडून बघायला पीजीए टूरची सरासरी घ्या. फेअरवे साधारण ६० टक्के, ग्रीन साधारण ६५ टक्के. १५० ते १७५ यार्डांवरून फेअरवेतला फटका सरासरी २८ फुटांच्या आसपास थांबतो. ग्रीन हुकल्यावर पार वाचतो तो साधारण ६० टक्के वेळा. पटचे आकडे तर भिंतीवर लावून ठेवावेत असे आहेत: ३ फुटांवरून ९६ टक्के, ५ फुटांवरून ७७, ८ फुटांवरून ५०, १० फुटांवरून ४०, २० फुटांवरून १५ आणि ३० फुटांवरून ७ टक्के. आठ फुटांवरचा पट जगातल्या उत्तम खेळाडूंनाही नाणेफेकीसारखा आहे, हे पुष्कळांना पटत नाही.

आता सोसायटीतला वरचा खेळाडू घ्या. समजा त्याला अठराही ग्रीन मिळतात, बॉल सरासरी बारा फुटांवर थांबतो आणि तिनातले दोन पट जातात. झाल्या बारा बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी). त्यातले पार पाचच्या होलवरचे एक-दोन ईगल (पारपेक्षा दोन कमी) धरले की मायनस तेरा-चौदा. स्कोअर कुठून येतोय ते इथे उघड दिसतं: अप्रोच (ग्रीनकडे मारलेला फटका) आणि पट. ड्रायव्हर (टीवरून लांब मारायची काठी) आणि वारा हे त्यानंतरचे.

स्विंग

स्विंगची काठिण्यपातळी स्पर्धेसाठी सगळ्यांना एकच ठेवा. खेळाडूने आपल्या मर्जीने निवडलेली पातळी आणि त्याबद्दल गुणांची सूट ही पद्धत गेमच्या एकट्याच्या मोडमध्ये ठीक. लीडरबोर्डवर तिच्यामुळे भांडणंच होतात. ॲनालॉग स्टिकचा स्विंग आणि तीन क्लिकचा स्विंग यांच्या चुकांचं स्वरूप वेगळं असतं, त्यामुळे शक्य असेल तर दोघांचे बोर्ड वेगळे करा.

पातळी पुरेशी आहे का, हे कोनावरून ठरवा. ३०० यार्डांच्या ड्राइव्हमध्ये एक अंश चूक झाली तर बॉल साधारण सव्वापाच यार्ड बाजूला जातो. फेअरवे ३० यार्ड रुंद असेल आणि निशाणा मधोमध असेल, तर बाहेर पडायला जवळजवळ तीन अंशांची चूक लागते. गेममध्ये टेम्पो (स्विंगची लय) थोडा हुकल्यावर अंशभरच फरक पडत असेल, तर फेअरवे कधीच सुटणार नाही. अशा वेळी पातळी एक पायरी वर न्या. ती शेवटचीच पायरी असेल तर २२ ते २५ यार्डांच्या फेअरवेचे कोर्स निवडा.

वर नेण्याआधी एक तपासणी मात्र हवी. सराव मैदानावर ड्रायव्हरने वीस फटके मारा आणि किती डावीकडे, किती उजवीकडे गेले ते बघा. दोन्ही बाजूंना विखुरले तर ती हाताची चूक. वीसपैकी पंधरा-सोळा एकाच बाजूला गेले तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू आहे का ते बघा, वायरलेस कंट्रोलर केबलने जोडा, गेममध्ये कॅलिब्रेशन असेल तर ते करा आणि पुन्हा वीस मारा. पडद्यावरच्या चित्राला उशीर होत असेल तर टायमिंग एकाच दिशेने बिघडतं. एवढं करूनही ड्राइव्ह एकाच बाजूला जात राहिला तर दोष हाताच्या सवयीत आहे. हे न तपासता पातळी वाढवली, की ज्याचा टीव्ही जुना तो हरतो.

पट: स्कोअर खरा इथेच सुटतो

कपाचा व्यास सव्वाचार इंच. बॉल जेमतेम कपापर्यंत पोचेल इतक्याच वेगाने मारला, तर त्याचा मध्य कपाच्या मध्यापासून जास्तीत जास्त दोन इंचांहून किंचित जास्त अंतराच्या आत असला पाहिजे. दहा फूट म्हणजे १२० इंच. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक अंशाची मुभा. पाच फुटांवर दोन अंश, वीस फुटांवर अर्धा. बॉल जोरात असेल तर कप आणखी लहान होतो, कारण कडेला लागलेला बॉल बाहेर फेकला जातो.

पटमध्ये चुकायला तीन जागा असतात: उतार वाचणं, दिशा आणि वेग. बहुतेक गेममध्ये पटची दिशा आपोआप सरळ राहते किंवा तिची चूक नगण्य असते. त्यात पट कुठून कसा जाईल ती रेघ आधी दाखवली, की उतार वाचायचंही काम संपलं. उरतो फक्त वेग, आणि तोही पडद्यावरच्या खुणेशी जुळवायचा. मग वीस फुटांवरचे पट निम्म्याहून जास्त जायला लागले तर नवल काय?

म्हणून सगळ्यांत आधी पटची रेघ बंद करा. पूर्ण बंद करणं जमत नसेल तर एका पटला एकदाच दाखवण्याची मर्यादा घाला. ग्रीनवरची उताराची जाळी राहू द्या. खरा खेळाडू पायाखाली उतार अनुभवतो, त्याला पडद्यावर तेवढी भरपाई मिळायला हरकत नाही. मात्र जाळीवर सरकणारे ठिपके उताराचा वेगही दाखवत असतील तर त्यावरून सगळं गणित मांडता येतं, तेव्हा ते जाऊ द्या. त्यानंतर पटच्या स्विंगची काठिण्यपातळी फुल शॉटपेक्षा वेगळी ठेवता येते का ते बघा. येत असेल तर ती एक पायरी जास्त ठेवा.

हे केल्यावर दहा फुटांवरचा आकडा चाळीसवर लगेच येणार नाही. पन्नास ते पंचावन्नवर आला तरी थांबा. त्याहून खाली ओढायला गेलात तर तीन फुटांवरचे पटही सुटू लागतात, आणि ते कोणालाच सहन होत नाही.

ग्रीनचा वेग म्हणजे अवघडपणा, हा समज मोडायला हवा. स्टिंपमीटरवर (ग्रीनचा वेग मोजायची पट्टी; बॉल किती फूट पळतो तो आकडा) १० ते १२ हा टूरचा नेहमीचा पल्ला आहे. स्कोअर वाढवायला लोक १४ लावतात आणि पिन पूर्वीच्याच उतारावर ठेवतात. १२ च्या वेगाला कपाभोवतीचा उतार तीन टक्क्यांच्या वर गेला की बॉल कपाजवळ थांबवणं फार अवघड होतं. १४ ला त्याहूनही कमी चालतो. २००४ च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेत शिनेकॉक हिल्स कोर्सच्या सातव्या ग्रीनवर हेच झालं, आणि शेवटच्या दिवशी गटांच्या मध्ये ग्रीनवर पाणी मारावं लागलं. गेममध्ये ती सोय नाही. तेव्हा ११ ते १२ धरा आणि पिन ठेवण्याआधी प्रत्येक बाजूने तीन फुटांवरून एकेक पट मारून बघा. एकही बॉल परत पायाशी आला तर ती जागा सोडा.

ग्रीनचा टणकपणा

टणकपणाचं सेटिंग बरेच जण बघतही नाहीत. मऊ ग्रीनवर बॉल पडतो तिथेच रुततो, त्यामुळे खेळाडू आकडा बघून थेट पिनवर मारतो. ग्रीन टणक केलं की त्याला बॉल कुठे टाकायचा आणि किती पळू द्यायचा याचा विचार करावा लागतो.

साडेचारशे यार्डांचा एक पार चार बघा. ड्राइव्ह ३०० गेला, १५० उरले, पिन पुढच्या कडेपासून पाच पावलांवर. मऊ ग्रीनवर हा बर्डीचा होल. टणक ग्रीनवर फेअरवेतून स्पिनसकट मारलेला बॉल पडून सात-आठ यार्ड पुढे जात असेल, तर पिनजवळ थांबवायला तो ग्रीनच्या अलीकडे टाकावा लागतो, नाहीतर पिनच्या मागे पंधरा-वीस फूट हे मान्य करावं लागतं. तोच फटका रफमधून (फेअरवेबाहेरच्या लांब गवतातून) मारला तर स्पिन कमी, आणि बॉल ग्रीन ओलांडून मागे. म्हणजे टणकपणामुळे फेअरवे चुकण्याला पहिल्यांदाच काही किंमत येते. मऊ ग्रीन ठेवून रफ कितीही वाढवला तरी हे होत नाही.

रफबद्दल एवढंच: लाय (बॉल कसा पडलाय ते दाखवणारी खूण) ‘८५ टक्के’ असा एकच ठाम आकडा दाखवत असेल तर खेळाडू तेवढं अंतर वाढवून मारतो आणि काही बिघडत नाही. ‘७५ ते ९०’ असा पट्टा दाखवणारा किंवा काहीच न दाखवणारा पर्याय असेल तर तो निवडा.

वारा

६ ते १२ मैल पुरे. खऱ्या गोल्फमध्ये ढोबळ हिशेब असा, की समोरच्या वाऱ्यात ताशी मैलामागे एक टक्का अंतर वाढवायचं आणि पाठीमागच्या वाऱ्यात अर्धा टक्का कमी करायचं. दहा मैल समोरून असेल तर १५० यार्ड १६५ सारखे खेळतात. गेममध्ये वारा ठाम आकड्यात दिसतो, म्हणून वीस मैलांचा वाराही अनुभवी खेळाडूसाठी नुसतं गणित असतं, तर नवख्यासाठी ओबी, म्हणजे बॉल हद्दीबाहेर. झुळका बदलत्या ठेवायचा पर्याय असेल तर कमी वेगाचा बदलता वारा हा जास्त वेगाच्या स्थिर वाऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

कोर्स आणि पिन

खेळाडूंनी बनवलेले कोर्स निवडताना आधी ग्रीनचा आकार बघा. पुष्कळ ग्रीन परातीसारखी खोलगट असतात. कुठेही पडलेला बॉल मध्याकडे घरंगळतो आणि अप्रोचची सगळी चूक पुसली जाते. अशा कोर्सवर कुठलंही सेटिंग चालणार नाही. कडांना बॉल बाहेर ढकलणारी ग्रीन शोधा.

लांबी ७,००० ते ७,५०० यार्ड. त्याहून जास्त ताणून उपयोग नाही, नुसते लांब मारणारे पुढे जातात. पिन ठेवताना अठरांपैकी सहा सोप्या, सहा मध्यम, सहा अवघड, आणि कडेपासून किमान चार पावलं आत. चारही फेऱ्यांत ही वाटणी तशीच ठेवून होल मात्र बदलत न्या. सगळ्या अवघड पिन शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवण्याचा मोह होतो, तो आवरा.

ऑनलाइनचे नियम

फेरी मध्येच सोडून पुन्हा सुरू करता येत असेल तर वरची सगळी मेहनत पाण्यात. पहिल्या तीन होलवर दोन बर्डी आल्या नाहीत की रीस्टार्ट, हा प्रकार सर्रास चालतो. सोडलेली फेरी बाद धरा; कनेक्शन तुटल्याची सूट स्पर्धेत एकदाच द्या. दुसऱ्यांचे बॉल ग्रीनवर पळताना दिसत असतील तर तेही बंद करा, कारण त्यांच्यावरून उतार फुकटात वाचता येतो.

नवख्यांसाठी सेटिंग सैल करू नका, हँडिकॅप (फटक्यांची सूट) द्या. जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ धरतात. सोसायटीसाठी तोच नियम सरळ उचलता येतो. सेटिंग बदललं की मात्र जुन्या फेऱ्या त्या हिशेबात धरू नका.

बदल एका वेळी एकच करा, आणि प्रत्येक बदलानंतर दोन स्पर्धा थांबा. पहिल्या आठवड्याचे आकडे फसवे असतात, कारण खेळाडू अजून सवय करून घेत असतात. क्रम असा: पटची रेघ, स्विंगची पातळी, टणकपणा, पिन, आणि गरज उरलीच तर वारा. जिंकणारा चार फेऱ्यांत मायनस बारा ते अठराच्या मध्ये आणि मधला खेळाडू पारच्या आसपास आला की हात काढून घ्या.

एवढं करूनही कोणी एका फेरीत मायनस दहा खेळत असेल तर त्याचे पार पाच वेगळे काढून बघा. टूरवर पार पाचची सरासरी साधारण ४.६५ असते, त्याची चारच्या खाली असेल तर दोष सेटिंगचा नाही, ते होलच आखूड आहेत. पेबल बीच कोर्सचा दुसरा होल एरवी पार पाच आहे, पण २००० च्या यूएस ओपनला तो पार चार धरला आणि कोर्स पार ७१ चा झाला. तुमच्या कोर्सवरचा ५२० यार्डांच्या आतला पार पाचही तसाच पार चार करून टाका.