मधुमेहाची वही: शुगरचा आकडा वाचायचा कसा

तीन महिन्यांतून एकदा उपाशीपोटी शुगर तपासायची, रिपोर्ट फाइलला लावायचा आणि पुढच्या तारखेपर्यंत विसरून जायचं, ही बऱ्याच जणांची रीत. त्यात तपासणीच्या आधीचे चार दिवस पथ्य एकदम कडक. आकडा छान येतो, डॉक्टर फसतात, शरीर काही फसत नाही. एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी मात्र या चार दिवसांना भुलत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, आणि त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते. 7 टक्के म्हणजे सरासरी शुगर सुमारे 154, 8 टक्के म्हणजे सुमारे 183. बहुतेक प्रौढांसाठी 7 च्या खाली हे लक्ष्य असतं. वय जास्त असेल किंवा शुगर वरचेवर लो होत असेल तर डॉक्टर ते मुद्दाम सैल ठेवतात. ॲनिमिया किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडाही दगा देऊ शकतो.

पण ती 154 कशामुळे आली? सकाळची चढलेली होती की जेवणानंतरची? हे एचबीएवनसीत दिसत नाही. त्यासाठी घरचा ग्लुकोमीटर आणि एक साधी वही लागते.

वहीत पाच रकाने आखा: वेळ, आकडा, काय आणि किती खाल्लं, औषध, आणि 'इतर'. या शेवटच्या रकान्यात चालणं, ताप, जागरण, झालेलं भांडण असं सगळं येतं, कारण शुगर या सगळ्याने हलते. दिवसातून सात वेळा बोट टोचायची बहुतेकांना गरज नसते (इन्सुलिनवर असाल तर किती वेळा ते डॉक्टर ठरवतील). जोडीने तपासा: जेवणाआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. आज नाश्ता, उद्या दुपारचं जेवण, परवा रात्रीचं. तीन दिवसांत मीटरच्या सहा पट्ट्या. जेवणाआधी 80 ते 130 आणि नंतर 180 च्या आत, हा सर्वसाधारण अंदाज.

टोचण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. नुकतंच फळ चिरलं असेल तर बोटावरची साखरच मोजली जाते. टोचायचं ते बोटाच्या कडेला. मधोमध जास्त दुखतं. थेंब पिळून पिळून काढू नका. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा, दमट हवेने पट्ट्या बिघडतात. आणि मीटरमध्ये 15 टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, तेव्हा 140 आणि 150 मध्ये हरखण्यासारखं किंवा खचण्यासारखं काही नाही.

आता वही वाचू. समजा, सलग तीन दिवस सकाळी उपाशीपोटी 165 आहे. आधी रात्री झोपतानाचा आकडा बघा. तो 210 असेल तर प्रश्न रात्रीच्या जेवणाचा. तो 130 असेल तर पहाटे हार्मोन्सच्या सांगण्यावरून यकृत साखर सोडतंय. हे पथ्याने फारसं हटत नाही, औषध किंवा त्याची वेळ बदलावी लागते. इन्सुलिन घेत असाल तर एकदा रात्री तीनलाही तपासा, मध्यरात्री लो तर होत नाही ना ते कळेल. यावर लोक उपाय काढतात तो रात्री उपाशी झोपण्याचा. ग्लिमेपिराइडसारखी शुगर लो करू शकणारी गोळी चालू असताना तो सरळ धोक्याचा आहे.

दुसरं पान: नाश्त्याआधी 118, दोन तासांनी 226. इथे एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन दिवस पाळा. पिष्टमय पदार्थ एक तृतीयांश कमी करा, किंवा भाजी आणि प्रथिनं आधी खाऊन धान्य शेवटी घ्या, किंवा खाल्ल्यावर 15 मिनिटं चाला. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही. ताटाचं गणित सोपं आहे: अर्धं पिष्ट नसलेल्या भाज्यांचं, पाव प्रथिनांचं, पाव धान्याचं. धान्य बदललं की हवं तेवढं खायची मुभा मिळाली, हा समज वहीच मोडून काढते. 'शुगर फ्री' बिस्किटांचंही तेच, त्यात पीठ असतंच.

इन्सुलिन घेऊनही आकडे उगाच वरखाली होत असतील तर टोचण्याच्या जागेवरून बोटं फिरवा. रोज तिथेच टोचल्याने त्वचेखाली गाठी होतात, आणि गाठीतून इन्सुलिन कधी कमी तर कधी एकदम शोषलं जातं. दर वेळी बोटभर जागा सोडा. मात्र गाठ सोडून चांगल्या जागी तोच डोस एकदम जास्त लागू पडू शकतो, म्हणून आधी डॉक्टरांशी बोला.

70 च्या खाली आकडा म्हणजे लो. घाम, थरथर, धडधड, चिडचिड. लगेच 15 ग्रॅम ग्लुकोज घ्या, म्हणजे तीन-चार सपाट छोटे चमचे, आणि 15 मिनिटांनी परत तपासा. अजून 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. अकार्बोज किंवा वोग्लिबोज या गोळ्या घेणाऱ्यांना घरातली साखर लवकर लागू पडत नाही, त्यांनी ग्लुकोजच जवळ ठेवावं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

उलट्या, ताप, अन्न जात नाही अशा दिवशी इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांबद्दल मात्र लगेच विचारा. त्या चालू असताना उपास किंवा उलट्या झाल्या तर शुगर फार न वाढताही रक्तात कीटोनचं आम्ल साठू शकतं.

'आज परत गोड खाल्लंस?' असं रोज विचारणाऱ्या घरात वहीत खोटे आकडे पडतात. घरच्यांनी आकडा विचारण्यापेक्षा सोबत चालायला जावं. आणि 260 आला तरी तो लिहाच. न लिहिलेल्या 260 वर औषध बदलता येत नाही.

तपासणीला जाताना वही न्या. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्यांचा पडदा, आणि मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन व रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 जीवनसत्त्वाबद्दलही विचारा. खोलीत गेल्यावर, कोणी सांगायची वाट न बघता, बूट-मोजे काढून बसा. उघडे पाय समोर असले की ते बघितले जातात.